मोटारीची शीतनिद्रा

सरकारी कामानिमित्त २०१३ च्या सप्टेंबरपासून पुढील वर्षीच्या मे महिन्यापर्यंत मला अमेरिकेतील सिराक्यूज या शहरी राहावे लागले. हे शहर न्यूयॉर्क राज्यातले; परंतु त्या नावाच्या महानगराशी त्याचे काही साम्य नाही. महानगरापासून ते सुमारे चारशे किलोमीटर दूर, वायव्येला, ऑन्टारिओ सरोवराच्या वाऱ्याच्या वाटेवर वसलेले आहे आणि हिवाळ्यात तेथे सरासरी दहा फूट बर्फ पडते. ज्या घराच्या माडीवर मी बिऱ्हाड केले होते त्याचे मालक सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक होते. नोव्हेंबरच्या आरंभी एके संध्याकाळी मी कामावरून परतलो, तो हे गृहस्थ मागील अंगणातल्या गॅरेजमध्ये गुडघे टेकून आपल्या जुन्या मोटारीच्या आसाखाली लाकडी ठोकळे सरकवीत होते. जॅकने एकेक बाजू उचलून त्यांनी चारही चाके जमिनीपासून चार बोटे वर आणली. मग बॅटरी काढून तळघरात नेली. पेट्रोलची टाकी आधीच काठोकाठ भरून घेतली होती, कारण टाकीत मोकळी जागा राहिली की तिच्यातल्या दमट हवेचे थंडीने पाणी होते. शेवटी धुराच्या नळीच्या तोंडाशी त्यांनी तारेच्या जाळीचा बोळा बसविला. हिवाळ्यात उंदरांना बिऱ्हाडासाठी तीच जागा विशेष पसंत पडते, असे त्यांनी मला सांगितले.

"आता एप्रिलपर्यंत ही झोपली," ते म्हणाले, "आणि माझे काम सुरू झाले."

एका वृद्ध माणसाची हौस, एवढेच मला त्या वेळी वाटले. परंतु इतिहासाची थोडीफार आवड असलेल्या माणसाला एखादा विधी दिसला की तो कोठून आला हे शोधल्यावाचून राहवत नाही. तो हिवाळा मी सार्वजनिक ग्रंथालयात आणि त्या गॅरेजमध्ये असा निम्मा-निम्मा घालविला, असे म्हटले तरी चालेल.

मोटार नवी होती त्या काळात हिवाळ्यात ती मिटवून ठेवणे ही हौस नव्हती. त्यावाचून गत्यंतर नव्हते. फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीने १९०८ ते १९२७ या अवधीत अमेरिकेचा शेतकरी मोटारीत बसविला. अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. पण ही गाडी बहुतांशी उघडी होती. कापडी टप आणि बाजूंना लावण्याचे पडदे, एवढाच तिचा आसरा. १९१९ साली अमेरिकेत तयार होणाऱ्या दर दहा मोटारींपैकी नऊ अशा उघड्याच असत. शून्याखाली वीस अंशांच्या वाऱ्यात अशा गाडीत बसून बाजाराला जाण्याची कोणाची छाती होणार? त्यात यंत्र थंड ठेवण्यासाठी पाणी वापरलेले. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते, आणि त्या फुगण्यापुढे बिडाच्या यंत्राचा टिकाव लागत नाही. ते सरळ तडकते. म्हणून ज्यांना हिवाळ्यात गाडी काढणे भागच असे ते रात्री सगळे पाणी सोडून देत आणि सकाळी चुलीवर तापविलेले पाणी भरून, हात मोडण्याचा धोका पत्करून, हँडल मारीत. पाण्यात मद्यार्क मिसळण्याचा उपाय होता. पण यंत्र तापले की तो उडून जाई. कोणी मध घालून पाही, कोणी साखर, कोणी रॉकेल. कॅल्शियम क्लोराइड घालणाऱ्यांचे पाणी गोठत नसे हे खरे, मात्र यंत्र आतून कुरतडले जाई.

आणि हे सारे साधले तरी जायचे कोठून? त्या काळी उत्तरेकडील खेड्यांत रस्त्यावरचा बर्फ काढून टाकीत नसत; उलट तो दाबून पक्का करीत. घोड्यांनी ओढलेले प्रचंड लाकडी रूळ बर्फावरून फिरत आणि त्या घट्ट थरावरून घसरगाड्या सुखाने धावत. मोटारीसाठी बर्फ खरवडला तर घसरगाडीची वाट बिघडायची. तेव्हा नोव्हेंबरात मोटार कोठारात जाई आणि घोडा बाहेर येई. एप्रिलात घोडा विश्रांती घेई आणि मोटार बाहेर येई. जुने आणि नवे वाहन असे वर्ष वाटून घेऊन नांदत होते. एका युगातून दुसऱ्या युगात जग एका रात्रीत जाते अशी आपली समजूत असते. येथे ते संक्रमण वीस वर्षे दर ऋतूला पुढेमागे होत होते.

ठोकळ्यांवर गाडी चढविण्याचे शास्त्रही त्याच काळचे. सुती धाग्यांचे टायर महिनोन्‌महिने एकाच जागी दबले तर तेथे चपटे पडत. म्हणून भार उतरवायचा. बॅटरी भरलेली असेल तर तिच्यातले आम्लमिश्रित पाणी उणे पन्नास अंशांपर्यंत गोठत नाही; रिकामी झाली तर शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठते आणि तिचे कवच फुटते. म्हणून ती घरात. चकाकत्या भागांना व्हॅसलीन, गाद्यांत डांबरगोळ्या, सिलिंडरांत चमचाभर तेल. शंभर वर्षांत या यादीत फारशी भर पडलेली नाही, आणि तिच्यातले काही फारसे गळलेलेही नाही.

आमच्या घरमालकांची मोटार मात्र फोर्ड नव्हती. ती होती १९२६ सालची फ्रँकलिन, आणि ती त्याच शहरात जन्मलेली होती. हर्बर्ट फ्रँकलिन या कारखानदाराने जॉन विल्किन्सन नावाच्या इंजिनियरला हाताशी धरून १९०२ पासून सिराक्यूजमध्ये मोटारी बांधल्या. विल्किन्सनचे वैशिष्ट्य असे की त्याच्या यंत्रात पाणीच नव्हते. प्रत्येक सिलिंडर वेगळा ओतलेला, त्याभोवती धातूच्या पातळ पाकळ्या, आणि त्यांच्यामधून खेळवलेला वारा. गोठायला काही नाही आणि उकळायलाही काही नाही! ज्या गावी दहा फूट बर्फ पडते तेथल्या माणसाला ही कल्पना सुचावी यात नवल ते काय? लाकडावर तिचा भरवसा इतका, की गाडीचा सांगाडासुद्धा पोलादाऐवजी ॲश वृक्षाच्या लाकडाचा. त्यामुळे गाडी हलकी आणि धक्के कमी. अशाच एका गाडीने १९०४ साली सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क हे अंतर तेहेतीस दिवसांच्या आत कापले होते. फोर्ड तीनशे डॉलरांच्या आत मिळत असताना फ्रँकलिनला दोन हजारांच्या वर मोजावे लागत. तरीही खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या डॉक्टरांची ती आवडती होती. बाळंतीण आणि न्यूमोनियाचा रोगी एप्रिलपर्यंत थांबत नाहीत.

या गाडीच्या तोंडाची एक गंमत आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. फ्रँकलिनला रेडिएटरची गरज नसल्यामुळे तिचे नाक इतर गाड्यांसारखे नसे. विक्रेते कुरकुरू लागले की गिऱ्हाईक बिचकते. चारचौघींसारखा चेहरा द्या. तेव्हा १९२५ च्या नमुन्याला द कॉस नावाच्या रेखनकाराने रुबाबदार रेडिएटर बसविला. तो निव्वळ देखावा होता, त्यात पाण्याचा थेंब नव्हता! विल्किन्सनला हे मानवले नाही. त्याने कंपनी सोडली. आमच्या घरमालकांच्या गाडीला तोच खोटा मुखवटा होता आणि तो ते मोठ्या प्रेमाने पुशीत असत. १९३४ साली मंदीच्या लाटेत कंपनी बुडाली.

एव्हाना इतर गाड्यांनाही हिवाळ्यावर मात करण्याची साधने मिळाली होती. १९१२ साली कॅडिलॅकने विजेवर सुरू होणारे यंत्र दिले. बंद गाड्यांचे प्रमाण १९१९ मधील दहा टक्क्यांवरून १९२७ मध्ये पंचाऐंशी टक्क्यांवर गेले. इतक्या थोड्या अवधीत इतका मोठा बदल मोटारीच्या इतिहासात दुसरा क्वचितच सापडेल. विशीच्या दशकाच्या अखेरीस एथिलीन ग्लायकॉल बाजारात आले. ते यंत्राच्या उष्णतेने उडून जात नसे. आणि रस्ते मोकळे करण्याचा धडा महायुद्धाने दिला. १९१७ च्या डिसेंबरात रेल्वेमार्ग तुंबले असता, सैन्याचे ट्रक आपल्या चाकांवरच पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांकडे धाडण्यात आले आणि त्यांच्यासाठी वाटेतल्या राज्यांना भर हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ हटवावा लागला. एकदा हटविता येतो असे दिसल्यावर लोक दरवर्षी तीच मागणी करू लागले. लाकडी रूळ कोठारात गेले ते कायमचेच.

येथे ही कथा संपावयास हवी होती. परंतु बर्फ हटविणाऱ्यांच्या हाती पुढे मीठ आले. १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रयोग केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात सबंध देशात पाच हजार टन मीठ रस्त्यांवर पडले. आज हा आकडा दीड-दोन कोटी टनांच्या घरात आहे. सिराक्यूज तर मिठाचेच शहर. ओनोंडागा सरोवराकाठच्या खाऱ्या झऱ्यांच्या मिठावर एकोणिसाव्या शतकात ते गबर झाले आणि 'सॉल्ट सिटी' हे त्याचे टोपणनाव अजून टिकून आहे. मिठाने बर्फाचा गोठणबिंदू खाली जातो आणि रस्ता मोकळा राहतो. पण तेच खारे पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाखाली, सांध्यासांध्यांत शिरते आणि पोलाद खाऊ लागते. नव्या गाडीला याची फिकीर नसते. ती दहा-बारा वर्षांनी टाकूनच द्यावयाची असते. जिचे सुटे भाग मिळेनासे झाले तिने मात्र जावे कोठे? ज्या मिठाने नव्या मोटारीला हिवाळ्याच्या कोंडवाड्यातून सोडविले, त्यानेच जुनीला पुन्हा त्यात नेऊन बसविले. आज नोव्हेंबरात जी जुनी गाडी ठोकळ्यांवर चढते ती थंडीला भिऊन नव्हे, मिठाला भिऊन.

युरोपातही हीच रीत निराळ्या कारणांनी चालू राहिली. इंग्लंडात १९२१ पासून दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर बसला. परवाना तिमाहीचाही काढता येई. तेव्हा हिवाळ्याची तिमाही वाचविण्यासाठी मध्यमवर्गीय गृहस्थ गाडी मिटवून ठेवी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या जुलैत, खासगी गाड्यांचे पेट्रोल बंद झाले तेव्हा अगणित मोटारी ठोकळ्यांवर चढल्या आणि १९४५ च्या जूनपर्यंत उतरल्या नाहीत. कितीतरी गाड्या लोखंडाच्या भंगारात गेल्या. पण ज्या कोठारांत विसरल्या गेल्या त्याच पुढे संग्राहकांच्या हाती आल्या. आम्हा कचेरीच्या माणसांना गंमत वाटेल ती जर्मनांची. त्यांनी १९९७ पासून मोटारीच्या पाटीवरच महिने छापण्याची सोय केली. 'चार' आणि 'दहा' हे आकडे एकाखाली एक दिसले की समजावे, ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर जागी असते. बाकीचे पाच महिने तिला कर नाही आणि रस्ताही नाही. मोटारीच्या झोपेची सरकारदरबारी इतकी नेटकी नोंद अन्यत्र माझ्या पाहण्यात नाही.

आता घरमालकांच्या कामाकडे वळू. डिसेंबरात त्यांनी एक सिलिंडर उतरवला. प्रत्येक सिलिंडर वेगळा असल्यामुळे सबंध यंत्र न उखडता हे करता येते. व्हॉल्व्हवर बारीक कुरुंदाची पूड आणि तेल लावून, हाताने अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, असे ते तासन्‌तास घाशीत बसत; बैठक सर्वत्र सारखी करडी दिसेपर्यंत हे चाले. असे सहा सिलिंडर. जानेवारीत ध्रुवाकडील थंडीची ती गाजलेली लाट आली तेव्हा मी घराबाहेर पडण्याचे टाळीत होतो आणि ते लोकरीच्या टोपीत, एका छोट्या शेगडीपाशी, स्प्रिंगांची पाती सोडवून त्यांत ग्रीज भरीत होते. गॅरेज फार तापवू नये, हा त्यांचा नियम होता. कोरड्या उष्णतेने चाकांचे लाकडी आरे आकसतात आणि सांगाड्याचे सांधे ढिले होतात, ओलीने कुजतात. लाकूड आणि लोखंड एकाच छपराखाली नांदवायचे म्हणजे हवा दोघांनाही सोसवेल अशीच हवी.

याच बैठकांत मी एकदा मोठ्या अभिमानाने सांगितले की माझ्या वडिलांची १९६४ सालची फियाट नागपूरच्या घरी आहे. वडील गेल्यापासून ती कोणी चालवीत नाही, पण मी सुटीवर गेलो की रोज सकाळी दहा मिनिटे यंत्र चालू ठेवतो. म्हाताऱ्याने हातातला पाना खाली ठेवला. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते, ते म्हणाले. गाडी वीस-पंचवीस मैल चालली तर ते वाफ होऊन बाहेर पडते. दहा मिनिटांत यंत्र पुरते तापतही नाही आणि ते पाणी तेलात व सायलेन्सरमध्ये मुरते. "घरी गेल्यावर सायलेन्सरला हात लावून पाहा." जूनमध्ये नागपुरास जाऊन मी हात लावला. सायलेन्सरचा मागला अर्धा भाग माझ्या हातात आला. सहा वर्षे जो मी पितृऋण फेडण्याचा नेम समजत होतो, त्याने गाडीचे पोट खाल्ले होते.

गाडी मिटवून ठेवण्यापेक्षा वादाचा विषय आहे तो तिच्या नूतनीकरणाचा. इंग्लंडात लंडन ते ब्रायटन ही जुन्या मोटारींची यात्रा १९२७ पासून नोव्हेंबरात निघू लागली; तिचे मूळ १८९६ च्या एका मिरवणुकीत आहे. अमेरिकेत १९३५ साली जुन्या मोटारींच्या दर्दींचा संघ फिलाडेल्फियात स्थापन झाला. पेनसिल्व्हानियातील हर्षे गावी १९५५ पासून ऑक्टोबरात जो मेळा भरतो, त्यात लोक सुटे भाग धुंडाळतात. ऑक्टोबरात भाग मिळवायचा आणि हिवाळ्यात बसवायचा, असे हे पंचांग आहे. या मेळ्यांतून गुण देण्याची पद्धत आली, आणि गुणांच्या हव्यासाने गाड्या कारखान्यातून कधी निघाल्या नव्हत्या इतक्या चकचकीत होऊ लागल्या. प्रत्येक खिळा सोडवायचा, मूळ रंग खरवडायचा, कातडे फेकायचे. शेवटी उरते ती अत्यंत सुंदर वस्तू. पण ती १९२६ सालची म्हणावी का?

घरमालकांच्या गाडीचा पहिला धनी जवळच्याच एका खेड्यातला डॉक्टर होता. चालकाच्या दाराचा वरचा काठ, जेथे कोपर टेकते तेथे, रंग जाऊन गुळगुळीत झाला होता. दाराखालच्या पट्टीवर एकाच जागी ओरखडे होते. ते डॉक्टरच्या पेटीचे. यंत्राची तबियत सुधारण्यात कसूर न करणारा हा माणूस त्या दाराला मात्र मेणापलीकडे काही लावू देत नसे. गावच्या मंडळींनी त्यांना कितीदा तरी सुनावले होते की एवढे दार रंगवलेस तर पारितोषिक तुझेच. जुन्या फायलींत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला त्यांची बाजू तत्काळ पटली. फाइल जीर्ण झाली म्हणून तिच्या कडेच्या टिपा खोडून कोणी स्वच्छ प्रत काढली आणि मूळ जाळले, तर त्याला आपण जतन म्हणणार नाही. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली जो ट्युरिनचा मसुदा स्वीकारला, त्यातही जपणूक आधी आणि नूतनीकरण मागाहून, असाच क्रम आहे. पण म्हणून ब्रेक जुनेच ठेवावेत असे कोणी म्हणणार नाही. रस्त्यावर दुसऱ्याची मुलेबाळे असतात. रेघ कोठे ओढावी हे प्रत्येक गाडीपाशी नव्याने ठरवावे लागते आणि ते ठरविण्यास हिवाळ्याइतका निवांत वेळ दुसरा नाही.

एप्रिलात बर्फ सरला तरी फ्रँकलिन बाहेर आली नाही. दोन-तीन मोठे पाऊस पडून रस्त्यांचे मीठ धुऊन जाण्याची ते वाट पाहत होते. मेच्या पहिल्या रविवारी ठोकळे निघाले. तळघरातली बॅटरी वर आली, सहाही सिलिंडर एकामागून एक बोलू लागले आणि आम्ही वीस मैलांवरच्या कॅझेनोव्हिया गावी जाऊन आलो. १९५१ साली स्थापन झालेल्या फ्रँकलिनप्रेमींच्या मंडळाचा वार्षिक मेळावा वर्षानुवर्षे याच गावी भरत असे. वाटेत त्यांनी कोपर दारावर टेकले होते, नेमके त्याच जागी.

आपल्याकडे बर्फ नाही. मीठ रस्त्यावर कोणी टाकत नाही. आपला हिवाळा हाच जुन्या गाड्यांचा सुगीचा काळ. दिल्लीत १९६४ पासून त्यांची जी शर्यतवजा मिरवणूक निघत आली ती याच दिवसांत. आपल्याकडे गाडी मिटवून ठेवायची ती पावसाळ्यात. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांना 'व्हीए' या अक्षरांची निराळी पाटी मिळते आणि प्रदर्शन, संचलन, दुरुस्ती यांपुरते रस्त्यावर येण्याची मुभा मिळते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, कवच किंवा यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा. 'मोठा' म्हणजे केवढा, यावर मी सिराक्यूजच्या त्या गॅरेजमध्ये एक सबंध हिवाळा चर्चा ऐकली होती.

फियाटला नवा सायलेन्सर बसला, ब्रेक नवे झाले. रंगाऱ्याने तिच्यासाठी आणून दिलेले नमुन्यांचे पत्रक मात्र अजून माझ्या कपाटात आहे. मागच्या बाकाच्या रेक्झिनवर माझ्या धाकट्या भावाने शाळेच्या कंपासने कोरलेले त्याचे आद्याक्षर आहे. त्याबद्दल त्याने वडिलांचा मार खाल्ला होता. यंदा मृगापूर्वी आम्ही दोघे नागपुरास गेलो, गाडी तीस किलोमीटर फिरवून आणली, टाकी भरली, बॅटरी काढून घरात ठेवली आणि चारही चाके ठोकळ्यांवर घेतली.